दारू सोडली का आम्हाला सोडलं?

नानांनी बैठकीला जाणं बंद केलं तेव्हा घरात सगळ्यांनाच बरं वाटलं होतं. मला तर सगळ्यात जास्त.

नाना म्हणजे माझे वडील. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. गाव बेल्हे. (पुण्याहून नारायणगाव, मग आळेफाटा, आणि तिथून उजवीकडे नगरच्या दिशेनं. सोमवारचा बैलबाजार ज्यांना ठाऊक आहे त्यांना पत्ता सांगायला नको. बाकीच्यांनी निदान बिबट्यांच्या बातम्यांत जुन्नर तालुक्याचं नाव वाचलं असेल.)

तर बैठक. गावातले आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे आठ-दहा माजी सैनिक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी एका सुभेदारांच्या कांदाचाळीला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत जमतात. बोर्ड नाही, नोंदणी नाही, वर्गणीची पावती नाही. पुण्यात कॅम्पात याला क्लब म्हणतील, आमच्याकडे नुसतं 'बैठक'. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर शिवाजी महाराजांची तसबीर, तिच्याखाली बेळगावच्या ट्रेनिंगचा एक पिवळा पडलेला ग्रुप फोटो, एक कॅरम. विषय ठरलेले. वन रँक वन पेन्शनमध्ये कुणाला किती फरक मिळाला (२०१५ साली ते लागू झालं, पण चर्चा अजून चालूच आहे), ईसीएचएसमध्ये कुठली गोळी मिळाली नाही, कांद्याला काय भाव, कुणाचा मुलगा भरतीच्या तयारीला लागलाय. आणि मध्ये कॅन्टीनची रम. स्टीलच्या ग्लासात, कोमट पाण्यातून.

हे स्टीलचे ग्लास लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

२०१९ मध्ये नानांच्या लिव्हरचे रिपोर्ट बिघडले. डॉक्टर म्हणाले, आजपासून एक थेंबही नाही. नानांनी त्याच दिवशी सोडली. आरडाओरडा नाही, शपथ नाही, देवापुढे नारळ नाही. फौजी माणूस, ऑर्डर आली, विषय संपला. पण त्या दिवसापासून बैठकही सुटली, आणि त्यात काही सुटतंय हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. दारू आणि बैठक एकच वस्तू आहे असं आम्ही धरून चाललो होतो. सॉफ्टवेअरवाल्याच्या भाषेत सांगायचं तर बग काढायला गेलो आणि अख्खं मॉड्यूलच डिलीट करून बसलो.

पुढचं वर्षभर रिपोर्ट सुधारत गेले. नाना ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायचे. टीव्ही लावायचे आणि आवाज बंद ठेवायचे. मी फोन केला की "बरं आहे, आईला देतो" एवढं बोलणं. एकदा तिसऱ्या की चौथ्या तपासणीनंतर मी मोठ्या उत्साहानं आईला सांगत होतो की सगळे आकडे नॉर्मलला आले. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "रिपोर्ट चांगलं आलं रं, पण माणूस कुठं गेला?"

खरं म्हणजे हे मला सगळ्यात आधी कळायला हवं होतं. कारण मी स्वतः पीत नाही. कधीच प्यायलो नाही. आयटीत सतरा वर्षं काढली, म्हणजे किमान शंभर-दीडशे पार्ट्यांना कोपऱ्यात उभं राहायचा अनुभव आहे. लोणावळ्याचं टीम आउटिंग, रिलीज झाल्याची पार्टी, कुणीतरी चालला म्हणून पार्टी, कुणीतरी परत आला म्हणून पार्टी. आणि प्रत्येक ठिकाणी तोच इंटरव्ह्यू. औषध चालू आहे का? आज काय, गुरुवार? श्रावण? बायको ओरडते? मग निदान बियर तरी? बियर म्हणजे दारू नाही रे!

गंमत बघा. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे. त्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, आणि तो परवाना दिला जातो तब्येत सांभाळण्यासाठी. खोटं वाटत असेल तर कागद काढून वाचा. म्हणजे कायद्यानं परवाना लागतो पिणाऱ्याला. पण मी आजवर एकाही पार्टीत कुणाला "तुझा परवाना दाखव" असं विचारताना बघितलेलं नाही. परवाना मागतात तो माझ्याकडे. न पिण्याचा.

गावाकडे हा परवाना मिळायची एक जुनी, चांगली सोय आहे. माळ. गळ्यात तुळशीची माळ दिसली की विषय संपतो. "माळकरी हायेत" म्हणायचं आणि ग्लास पुढे सरकवायचा. कुणी आग्रह करत नाही, उलट चुकून विचारलं म्हणून माफी मागतात. नाना सांगतात की त्यांच्या पलटणीतही दोघं-तिघं माळकरी होते, आणि वाट्याला आलेल्या रमच्या बदल्यात ते काय काय मिळवायचे ते ऐकण्यासारखं आहे (एकानं म्हणे त्यावर तीन महिने स्वतःचे बूट दुसऱ्याकडून पॉलिश करून घेतले). पण ज्याला वारी करायची नाही, मटण सोडायचं नाही, फक्त दारू नको आहे, त्यानं काय करायचं? त्याला कारण द्यावं लागतं. डॉक्टर, साखर, लिव्हर. म्हणजे आजारी पडल्याशिवाय न पिण्याचा हक्क नाही.

नानांकडे तर कारण होतं, तेही फाइलसकट. तरी ते गेले नाहीत. का, ते मला नंतर कळलं. त्यांना वाटायचं, आपण तिथे कोरडे बसलो तर बाकीच्यांना आपल्यासमोर प्यायची लाज वाटेल. आपल्यामुळे त्यांची संध्याकाळ खराब होईल. पिणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून न पिणाऱ्यानं घरी बसायचं!

शेवटी सुभेदारच घरी आले. मी त्या वीकेंडला गावी होतो. चहा झाला, पावसाचं झालं, आणि मग ते एकदम म्हणाले, "हवालदार, दारू सोडली का आम्हाला सोडलं?"

नाना काही बोलले नाहीत. पण पुढच्या दुसऱ्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मला म्हणाले, तू पण चल. सोबत पाहिजे होती असं ते कधी कबूल करणार नाहीत.

पहिली बैठक भयंकर झाली. आम्ही आत शिरलो तशी कुणीतरी बाटली खुर्चीमागे लपवली. सगळे शाळेत मास्तर आल्यासारखे गप्प. नानांसाठी खास थम्सअप आणून ठेवलेली, नाना डायबेटिक. सिग्नलमध्ये होते ते काका त्यांना तीन-तीनदा विचारतात, "तुम्हाला त्रास तर होत नाही ना? आम्ही बाहेर जाऊन घेऊ का?" इतका मान दिला की बसवेना. आम्ही अर्ध्या तासात उठलो. येताना नाना म्हणाले, "मयताला आल्यावानी बघत्यात."

दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच तोड काढली. घरून थर्मास नेला. आत कोरा चहा, बिनसाखरेचा, आलं घालून. गेल्या गेल्या रॅकमधला एक स्टीलचा ग्लास उचलला, चहा ओतला आणि बसले. बास. रंग तोच, ग्लास तोच, वाफसुद्धा तीच, कारण तिथे रम कोमट पाण्यातूनच घेतात. दहा मिनिटांत सगळे विसरले की कुणाच्या ग्लासात काय आहे. ती बाटली पुन्हा टेबलावर आली.

यात फसवाफसवी नव्हती, सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि डोळ्यांपुढे असणं वेगळं. आपल्या पार्ट्यांत काचेचे उंच ग्लास, त्यात माझी ती भडक केशरी मॉकटेल, वर छत्री. पन्नास फुटांवरून कळतं की हा आपल्यातला नाही. :-)

त्या रात्री मी नानांना श्रीलंकेबद्दल बोलताना पहिल्यांदा ऐकलं. १९८७ मध्ये शांतिसेना गेली त्यात ते होते, एवढं आम्हा भावंडांना माहीत होतं. त्यापलीकडे नाही. आईलाही नाही. जाफन्याकडे एका शाळेच्या व्हरांड्यात ओल्या बुटांनी तीन दिवस काढले, आणि शेजारी बसलेला माणूस चौथ्या दिवशी नव्हता. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, कॅरमची सोंगटी मारता मारता. सुभेदार फक्त "हूं" म्हणाले. कुणी "अरेरे" केलं नाही, कुणी पुढचं विचारलं नाही. मग दुसऱ्या कुणीतरी पठाणकोटच्या थंडीचं काढलं. सुभेदारांचा तेव्हा दुसरा ग्लास चालू होता, नानांचा चहाचा तिसरा.

मला इतकी वर्षं वाटायचं की म्हातारे जमतात ते पिण्यासाठी, आणि पितात म्हणून बोलतात. तसं असतं तर नाना त्या दिवशी गप्प राहिले असते. रम नव्हतीच त्यांच्या पोटात. बोलणं उघडलं ते समोर कोण बसलंय त्यामुळे. दारू ही त्या खोलीतली एक वस्तू होती, कॅरमसारखी.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर उगाच कुणाचं नुकसान व्हायचं. ज्याला व्यसन आहे, ज्याला वास आला तरी हात थरथरतो, त्यानं अशा खोलीत जाऊ नये. त्याच्यासाठी वेगळी जागा लागते. अमेरिकेत ॲक्रन गावी १९३५ मध्ये दोन माणसांनी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केलं, आज त्यांच्या सभा आपल्याकडेही भरतात. आणि गंमत म्हणजे तिथेही औषध काय, तर बैठकच! फक्त बाटलीशिवायची. नाना त्यातले नव्हते. त्यांना रमची आठवण येत नव्हती, माणसांची येत होती.

आमच्या भागात माजी सैनिक आणि दारू म्हटलं की दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक म्हणजे कॅन्टीनचं कार्ड. नगरच्या कॅन्टीनला कोण चाललंय हे गावाला आठवडाभर आधी कळतं. नानांनी सोडली ही बातमी पसरल्यावर तर आमच्या घरी पाहुण्यांची रीघ लागली. "नाना, तुम्ही काय आता घेत नाय, मग कार्डावर दोन काढा की. पोराचं लग्न हाये." नियमानं ती बाटली अशी दुसऱ्याला विकता येत नाही, हे सांगून सांगून नाना थकले. न पिणाऱ्या फौजीइतका लोकप्रिय माणूस तालुक्यात दुसरा नसेल. एका मावसभावानं या कारणावरून बोलणं सोडलंय, ते अजून सुरू केलेलं नाही.

दुसरं चित्र शेजारच्या पारनेर तालुक्यातलं. राळेगणसिद्धी आमच्यापासून मोटारसायकलनं तासा-दीड तासावर. अण्णा हजारेही फौजीच. लष्करात ड्रायव्हर होते, १९६५ च्या युद्धात खेमकरणला होते, १९७५ मध्ये गावी परतले. गावात तेव्हा हातभट्ट्या चालायच्या. त्या बंद झाल्या, पुढे दुकानातली तंबाखू-विडीसुद्धा होळीत गेली. आणि त्याही उपर पिऊन येणाऱ्याला खांबाला बांधून लष्करी पट्ट्यानं मारलं, हे अण्णांनी स्वतःच सांगितलेलं आहे. त्या पट्ट्याचं समर्थन मला करता येत नाही. माणसाला बांधून मारणं हे मारणंच. पण ज्या घरात रोजची मजुरी भट्टीवर जात होती त्या घरातल्या बाईला विचारलं तर ती माझ्यासारख्या हिंजवडीत एसीत बसून लिहिणाऱ्याचं काही ऐकून घेणार नाही, हेही मला माहीत आहे.

तर एकीकडे कार्ड, एकीकडे पट्टा. पाजणारा फौजी नाहीतर बंद पाडणारा फौजी. जो नुसता बसतो, स्वतः घेत नाही आणि दुसऱ्याला नको म्हणत नाही, त्याची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. माझं म्हणणं असं की आपल्याला गरज याच माणसाची आहे.

तिसरा एक मार्ग मी परदेशात बघितला. ऑनसाइटला डेन्व्हरला होतो तेव्हा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सांता फे रस्त्यावर आर्ट गॅलऱ्या रात्री उघड्या असतात म्हणून हिंडायला गेलो. त्यातलीच एक जागा निघाली युद्धावर जाऊन आलेल्या सैनिकांच्या संघटनेची, व्हीएफडब्ल्यूची, तीही पोस्ट नंबर १, सगळ्यात जुनी. अमेरिकेत अशा पोस्टची ठरलेली ओळख म्हणजे काळोखा बार आणि त्यात बसलेले म्हातारे. इथे बारच नाही. २०१४ च्या सुमारास ते या जागेत आले तेव्हापासून भिंतींवर सैनिकांनी काढलेली चित्रं, आणि योगासनांचे वर्ग. इराक-अफगाणिस्तानहून आलेली तरुण पोरं, बायका यांना तो बार नको होता, म्हणून. मला फार आवडलं. परत आल्यावर नानांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि जुनी माणसं कुठं बसत्यात मग?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बेल्ह्याच्या त्या खोलीतून रम काढून टाका आणि योगाचा क्लास ठेवा, पुढच्या रविवारी तिथे फक्त कांदे असतील.

आता थर्मासवर सगळं गोड झालं असं वाटलं असेल तर थांबा. सहा-सात महिन्यांनी एक नवीनच भानगड सुरू झाली. नाना शुद्धीत असतात म्हणून हळूहळू सगळी कामं नानांकडे आली. हिशेबाची वही नानांकडे. कुणाच्या औषधाची वेळ झाली हे नानांनी बघायचं. मासवडी नानांनी करायची. (आमच्याकडची मासवडी खाल्ली नसेल तर आळेफाट्याला थांबून खा. नावात मास आणि पदार्थ शाकाहारी. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत खोबरं, तीळ, कांदा-लसणाचं सारण, वळकटी करून वड्या, वर झणझणीत रस्सा.) आणि रात्री साडेनऊला ओम्नीत भरून चौघांना चार वस्त्यांवर सोडायचं, तेही नानांनीच. सगळे प्रेमानं त्यांना 'मेस हवालदार' म्हणायला लागले. नाना आधी खूश होते. मीही खूश होतो, माणूस कामाला लागला म्हणून.

मग मला माझंच आठवलं. प्रत्येक पार्टीनंतर मी गाडी चालवतोय, मागे तिघं झोपलेत, एकाला वाकडला सोडायचं, एकाला बाणेरला, एक ओकायच्या बेतात. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, "तू होतास म्हणून बरं झालं यार." मला कुणी कधी "मजा आली का?" असं विचारलेलं नाही. न पिणाऱ्याकडून आधी कारण घेतात आणि मग काम. कारण दिलं की आत येऊ देतात, काम केलं की बसू देतात. आम्ही ते करतही राहतो, कारण फुकट बसायची लाज वाटते. पिणाऱ्याला नाही वाटत!

नानांनी एका रविवारी हे मोडलं. निघायची वेळ झाली, सिग्नलवाले काका म्हणाले, "हवालदार, गाडी काढा." नाना खुर्चीत मागे रेलले, थर्मास उलटा करून शेवटचे थेंब ग्लासात ओतले आणि म्हणाले, "आज न्हाई. मीबी आज बसलोय."

खोलीत शांतता. मग सुभेदार इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या रात्री सुभेदारांचा नातू जीप घेऊन आला आणि सगळ्यांना, नानांसकट, घरोघर पोचवून गेला. आता पाळी लावलेली आहे. त्या रविवारी ज्याच्या घरातलं कुणी गाडी आणणार असेल त्याच्या नावावर वहीत फुली. वहीसुद्धा दर महिन्याला हात बदलते, त्यामुळे हिशेब कधीच लागत नाही ही गोष्ट वेगळी.

माझ्या टीममध्ये आता मी एवढंच करतो. पार्टी ठरवणारा मी असलो तर सगळ्यांची घरी जायची सोय आधी करतो आणि तिचे पैसे बिलातच धरतो. कोपऱ्यात कोमट झालेली दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली ठेवून 'ज्यांना नको त्यांच्यासाठी' म्हणत नाही, चांगलं ताक, लिंबू सोडा, कोरा चहा हे त्याच टेबलावर, त्याच ग्लासांत. आणि नवीन आलेल्या मुला-मुलींना "काय घेणार?" एवढंच विचारायचं. त्यांनी जे सांगितलं ते आणून द्यायचं. "का?" हा प्रश्न मी कोड रिव्ह्यूसाठी राखून ठेवलाय.

गेल्या बैठकीला एक नवीन माणूस आला होता. सदतीस-अडतीस वर्षांचा, नुकताच नाईक म्हणून रिटायर झालेला. दाराशीच घुटमळत होता. सुभेदारांनी बाटलीकडे बोट केलं, मग थर्मासकडे. त्यानं थर्मासकडे बघितलं. नानांनी ग्लास भरून दिला आणि कॅरमवर पावडर टाकायला घेतली. तो पीत का नाही, हे मला अजून माहीत नाही. बहुतेक त्यांनाही नसेल.

या रविवारी मासवडीची पाळी सिग्नलवाल्या काकांवर आहे. त्यांना वडी थापता येत नाही, गेल्या वेळी सगळी फडक्याला चिकटली होती. नानांना म्हटलं, जाऊन जरा दाखवा त्यांना. नाना म्हणाले, "फुटली तर रश्श्यात कुस्करून खाऊ. मी न्हाई जायचा."